ब्राउझरमधील भगदाड आणि त्याची दुरुस्ती

सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं पूर्वीं पटवाऱ्याकडे खेटे घालावे लागत. १ मे २०१८ रोजीं महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पीकविमा, अनुदान व बँकेचें खातें हींहि आतां घरबसल्या पाहतां येतात. हीं सर्व पानें ज्या प्रोग्रॅमच्या द्वारें उघडतात त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज हीं त्यांपैकीं कांहीं नांवें होत. जऊळक्याच्या शेतकऱ्याच्या जमिनीचे कागद व सोयाबीनचे आलेले पैसे ह्या दोहोंच्या वाटेवरील हा दरवाजा आहे. त्यास भगदाड पडलें तर काय होतें व तें कसें बुजवावें, हें शेतकरी बंधूंनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

सप्टेंबर २०२३ मधील एक उदाहरण घेऊं. त्या महिन्याच्या ६ तारखेस ॲपल कंपनीच्या सुरक्षा विभागानें व कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब ह्या संस्थेनें गूगल कंपनीस एक दोष कळविला. वेबपी नांवाच्या प्रकारांत चित्रें लहान आकारांत सांठविलेलीं असतात. तीं उलगडून दाखविणाऱ्या प्रोग्रॅममध्यें हा दोष होता. चित्र उलगडतांना संगणक आपल्या स्मृतींत त्यासाठीं कांहीं जागा आंखून घेतो. मुद्दाम बिघडवून तयार केलेलें चित्र आलें कीं, मजकूर त्या आंखलेल्या जागेबाहेर लिहिला जाई. शेजाऱ्यानें धुरा कोरून आपल्या शेतांत औत घालावें, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, कोरलेला धुरा डोळ्यांस दिसतो व सरकारी मोजणी मागतां येते. येथें नुसतें पान उघडतांच चोराचा हुकूम आपल्या यंत्रांत शिरूं शके आणि मालकास त्याचा पत्ताहि लागत नसे.

कीड लागलेलें एकाच कोठीचें बियाणें दहा गांवीं पेरलें तर दहाहि गांवीं तीच कीड निघते. हा चित्राचा प्रोग्रॅम अनेक ब्राउझरांनीं घेतलेला असल्यामुळें क्रोम, फायरफॉक्स, एज हे सर्वच एकदम धोक्यांत आले. गूगलनें ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्त आवृत्ति काढली. फायरफॉक्सची १२ तारखेस निघाली. ह्या दोषाचा गैरफायदा आधींच घेतला जात आहे, असेंहि गूगलनें त्या वेळीं जाहीर केलें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. दुरुस्ती जाहीर होते तेव्हां भगदाड कोठें आहे, हें चोरांसहि कळतें. म्हणून जो दुरुस्ती घेत नाहीं, त्यास त्यानंतरचे दिवसच अधिक धोक्याचे. शिवाय संगणकावर ती आपोआप उतरली, तरी ब्राउझर बंद करून पुन्हां उघडल्यावांचून लागू होत नाहीं. फवारणीचें औषध आणून कोठ्यांत ठेवल्यानें तुरीवरील अळी मरत नाहीं.

दुरुस्तीची रीत सोपी आहे. संगणकावर क्रोम उघडून उजव्या वरच्या कोपऱ्यांतील तीन टिंबांवर दाबावें. तेथें ‘मदत’ व मग ‘गूगल क्रोमबद्दल’ हें निवडावें. नवी आवृत्ति असल्यास तो स्वतःच उतरवून घेतो. नंतर पुन्हां सुरू करण्याचें बटण दाबावें. फायरफॉक्समध्यें तीन आडव्या रेघांवर दाबून ‘मदत’ ह्या सदरांत असेंच करावें. अँड्रॉइड मोबाईलवर प्ले स्टोअरमध्यें ब्राउझरचें नांव शोधावें आणि ‘अपडेट’ हें बटण दिसल्यास दाबावें. मात्र एखाद्या पानावर ‘आपला ब्राउझर जुना झाला, येथें दाबा’ अशी पाटी आली, तर तिला मुळींच हात लावूं नये. असा फसवणुकीचा प्रकार नेहमींचा आहे.

जुन्या संगणकांचा प्रश्न निराळा. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ति १०९ वी. ती जानेवारी २०२३ मध्यें निघाली. त्यापुढील आवृत्ति अशा यंत्रावर चढतच नाहीं. तेव्हां त्यावर बँकेचा व्यवहार करूं नये. सेवाकेंद्रांत जाऊन काम करावयाचें असल्यास तेथील यंत्राची चौकशी करण्यांत संकोच बाळगूं नये. पैसे गेल्याचें कळतांच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा व बँकेसहि तत्काळ कळवावें. विलंबानें पैसे हातचे निसटतात.

पेरणीपूर्वीं धुरेबंधारे पाहून घेण्याचा आपला परिपाठ आहे. तसाच महिन्यांतून एकदां, आणि विम्याचा वा अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वीं न चुकतां, ब्राउझरची आवृत्ति पाहून घ्यावी. ह्या कामास एक पैसाहि लागत नाहीं.