पळणं थांबलं, पावलं नाहीत

साताऱ्यात जुलै सरता सरता पहाटेच्या अंधारात यवतेश्वरच्या घाटाकडे निघणाऱ्यांची संख्या वाढू लागते. सप्टेंबरमधल्या हिल मॅरेथॉनचे २१ किलोमीटर डोळ्यांपुढे असतात. यंदा त्या गर्दीत ४३ वर्षांची एक शिक्षिका होती. चार वर्षं ती रोज सकाळी तीन-चार किलोमीटर पळायची. स्पर्धेत नाव नोंदवल्यावर दोन महिन्यांत तिने आठवड्याचं अंतर जवळपास दुप्पट केलं, त्यात चढ-उतारही आले. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना आणि दहा दिवसांनी शाळेचा जिना चढतानाही.

घरात उपाय सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तेल कोमट करून चोळून घे, शीर आखडली असेल.” दोन दिवस चोळून घेतलं, दुखणं वाढलं. शेजारणीने हाडवैद्याचा पत्ता दिला. मैदानावरच्या मैत्रिणीने वेदनाशामक गोळी खाऊन पळायचा सल्ला दिला. या तिन्ही सल्ल्यांत गोळीचा सल्ला सर्वांत घातक, कारण दुखणं हीच तिथे सावध करणारी घंटा असते आणि गोळी नेमकी तीच बंद करते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी बोटाने नडगी चाचपली. एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी बोट टेकताच तिने पाय ओढून घेतला. पळणाऱ्यांना होणाऱ्या साध्या नडगीदुखीत, म्हणजे ‘शिन स्प्लिंट्स’मध्ये, दुखरा भाग लांबलचक पसरलेला असतो. एकाच ठिकाणी बोट ठेवता येत असेल तर ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ची शंका घ्यावी लागते. एक्स-रे स्वच्छ होता. त्यावर घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला, पण तो घाईचा होता. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी बारीक चीर एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज आणि चिरेची रेघ, दोन्ही दिसलं.

हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते रोज थोडं पोखरलं जातं आणि रोज थोडं नव्याने भरलं जातं. पळताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून पायावर येतो. भार अचानक वाढला की पोखरणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात. भरणाऱ्या पेशींना वेळ जास्त लागतो. मधल्या काही आठवड्यांत हाड आधीपेक्षा कमकुवत असतं आणि नेमकं तेव्हाच माणूस जोमाने पळत असतो. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या शल्यचिकित्सकाने १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांत हे दुखणं नोंदवलं होतं. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता.

तिची चीर नडगीच्या आतल्या, मागच्या कडेला होती. ही जागा त्यातल्या त्यात बरी, बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. तीच चीर नडगीच्या पुढच्या कडेला किंवा मांडीच्या हाडाच्या मानेत असती, तर प्रकरण कुबड्यांवर आणि कदाचित शस्त्रक्रियेवरही गेलं असतं. म्हणून पळणाऱ्याची जांघ दुखू लागली तर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ असं म्हणू नये.

सल्ला दोन ओळींचा होता: पळणं बंद, पायावर भार कमी. तिने पळणं त्याच दिवशी थांबवलं. तीन आठवड्यांनी तपासणीला आली तेव्हा दुखणं तसूभरही कमी नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघायला मागितला. आदल्या दिवशीची पावलं ११ हजारांवर होती आणि तो रविवार होता. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहाटे नळाला पाणी येतं, धार कमी असली की खालून बादल्या आणाव्या लागतात. ओट्यापाशी दोन-अडीच तास उभं राहणं, गच्चीवर कपडे, भाजी आणायला मंडई. त्यात गौरी-गणपती: तीन दिवस पाहुण्यांचा राबता आणि पुरणपोळ्या. ‘विश्रांती’ या शब्दाचा घरातल्या प्रत्येकाने लावलेला अर्थ एकच होता: सकाळचं पळणं सोडायचं. तिनेही तोच लावला होता.

विचारल्यावर ती जे बोलली ते अशा दुखण्यात फार बायका बोलत नाहीत. “हौस माझी, मोडलं मी. त्याचा त्रास घरच्यांना कशाला?” पाय दुखतोय म्हटलं की “कुणी सांगितलं होतं पळायला?” हे वाक्य येणार, याची तिला खात्री होती. ते ऐकावं लागू नये म्हणून ती एरवीपेक्षा जास्तच काम करत होती. नवरा शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, पण ते वाक्य त्याने दोनदा म्हटलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले. वजन? पाच महिन्यांत सहा किलो उतरलं होतं, त्याचं कौतुकच झालं होतं. पाळी? चार महिने नव्हती. वयामुळे असेल, असं तिने धरून चाललं होतं. असूही शकतं, पण पळणाऱ्या बाईच्या बाबतीत आधी ताट बघावं. ती पळून आल्यावर फक्त चहा घेऊन शाळेत जायची आणि श्रावणात सोमवार-शनिवार उपवास करायची. खर्चाच्या मानाने खाणं सतत कमी पडलं की शरीर काटकसर करतं: इस्ट्रोजेन घटतं, पाळी लांबते, हाडं भरण्याचं काम मागे पडतं. तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्वही बरंच कमी निघालं. प्रौढांना दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. दूध, दही, तीळ यांनी बाकीचं भरून निघतं, पण मुळात पोटभर जेवण हवं. हळदीचं दूध जरूर प्यावं, त्यातलं दूध कामाचं असतं.

मग घरात वाटणी झाली. बादल्या आणि मंडई नवऱ्याकडे, कपडे बारावीतल्या मुलाकडे. पोळ्या लाटायला बाई ठेवली. ओट्याशी एक उंच स्टूल आलं. दिवसातून एकदाच जिना. सासूबाईंनी स्वतः सांगितलं, “उपवास मी करते तुझ्या वाटचा, तू भाकरी खा.” पहिल्या आठवड्यात पोळ्या कच्च्या राहिल्या, भाजी दोनदा चुकीची आली, मुलाने शर्टाला रंग लावला. तिला बसून राहण्याचाच त्रास अधिक झाला. पळणाऱ्यांची झोप आणि मूड दोन्ही पळण्याला बांधलेले असतात. ते एकदम थांबलं की चिडचिड होते. सायकल किंवा पोहणं दुखत नसेल तर चालतं. तिने शाळेतल्या एका मैत्रिणीची घरात ठेवायची सायकल आणली.

स्पर्धेच्या दिवशी ती घाटाकडे गेली नाही, घरीच थांबली.

दिवाळीनंतर नडगी दाबून दुखेनाशी झाली, अर्धा तास चालूनही काही जाणवलं नाही. मग मैदानावर सुरुवात झाली: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. दुखलं तर एक पायरी मागे. पावलं लहान आणि थोडी जलद टाकायची, त्याने नडगीवरचा भार कमी होतो. घाटाचा उतार सगळ्यांत शेवटी. पाळी डिसेंबरमध्ये आली. बादल्या अजून नवराच आणतो, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर जिन्याच्या कठड्याला टेकून थोडा वेळ उभा राहतो.