शाळा सुटली, रंगपेटी उघडली!

'रिटायर झाल्यावर बघू' असं म्हणत छंद माळ्यावर टाकणाऱ्यांसाठी एका शाळेतल्या बाईंची झक्कास सेकंड इनिंग

'एकदा रिटायर होऊ दे, मग बघ, मस्त पेंटिंग करणार!' ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच. कुणाचं पेंटिंग, कुणाची गिटार, कुणाची कोकणातली आमराई. तोवर काय? तोवर अप्रेझल, ईएमआय आणि ८.१२ची लोकल. असे 'नंतर बघू' क्लबचे मेंबर तुम्हीही असाल, तर अल्मा थॉमस यांना भेटायलाच हवं.

अल्माबाईंचा जन्म १८९१चा, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसचा. कृष्णवर्णीयांना म्युझियमची दारं बंद असायची, असा तो काळ. १९०७मध्ये कुटुंब वॉशिंग्टनला आलं. १९२४मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीतून त्या फाइन आर्टची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या विभागाच्या त्या पहिल्याच पदवीधर. पण पदवी मिळाली म्हणून पोट थोडंच भरतं? त्यांनी शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी धरली आणि तब्बल ३५ वर्षं एकाच शाळेत काढली. १९६०मध्ये रिटायर झाल्या तेव्हा वय होतं ६८.

आपल्याकडे या वयात काय होतं? सकाळचा वॉक, नातवंडांना बसस्टॉपवर सोडणं आणि बीपीची गोळी. बाईंनी मात्र ब्रश हातात घेतला.

पण थांबा, गोष्ट इतकी सोपी नाही!

रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी उठल्या आणि थेट आर्टिस्ट झाल्या, असं काही घडलं नाही. १९५०च्या दशकात, शाळा सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत पेंटिंगचे क्लास करत होत्या. पन्नाशी उलटलेली, दिवसभर वर्गात उभं राहून पाय दुखलेले, आणि संध्याकाळी पुन्हा स्टुडंट! फळांची परडी, फुलदाणी असं करत करत त्या अमूर्त चित्रांकडे वळल्या त्या याच काळात. रिटायरमेंटने त्यांना भरपूर वेळ दिला. पाया मात्र नोकरीतल्या उरलेल्या वेळात घातलेला होता.

आणि वेळ मिळाला, तर शरीर रुसलं. १९६४च्या सुमाराला संधिवाताने त्यांना असं गाठलं, की पेंटिंग सोडून द्यावं असं वाटायला लागलं. तेवढ्यात हॉवर्ड युनिव्हर्सिटीने त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बाईंनी विचार केला, जुनंच काय दाखवायचं? काहीतरी वेगळं हवं.

हे 'वेगळं' सापडलं घराच्या खिडकीत. समोर हॉलीचं झाड होतं. त्याच्या पानांतून उतरणारा उजेड काचेवर नक्षी काढायचा. बाईंनी ते झाड काढलं नाही, तो उजेड काढला. रंगाचे छोटे छोटे फटकारे एकाशेजारी एक, मध्ये पांढऱ्या फटी. कधी उभ्या रांगा, कधी एकात एक वर्तुळं. लांबून पाहिलं तर फुलांचा ताटवा, जवळून पाहिलं तर नुसता रंग. 'हे तर आमचा बंड्याही काढेल', असं म्हणणाऱ्यांनी एकदा शंभर फटकारे ओढून बघावेत!

मोठा स्टुडिओ वगैरे काही नाही. घरातलं किचन हाच स्टुडिओ. १९६९मध्ये अपोलो १०चं 'स्नूपी' यान चंद्राजवळ गेलं आणि बाईंच्या कॅनव्हासवर अंतराळ उतरलं. १९७२मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं एकल प्रदर्शन भरलं. तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला. लहानपणी म्युझियमचं दारही बंद असलेल्या बाई आता भिंतीवर होत्या! १९७८मध्ये त्या गेल्या. २०१५मध्ये त्यांचं १९६६चं 'रेझरेक्शन' हे चित्र व्हाइट हाउसच्या डायनिंग रूममध्ये लागलं.

आता तुमचं काय?

* अ‍ॅक्रिलिक घ्या. पाण्यात मिसळतं, पटकन वाळतं, टर्पेन्टाइनचा वास नाही. वन बीएचकेच्या किचन ओट्यावरही चालतं. अल्माबाईंचंही हेच माध्यम.
* आधी कागदावर. बाई आधी वॉटरकलरमध्ये छोटे नमुने करून बघायच्या. कॅनव्हासचा खर्च नंतर.
* विषय शोधत फिरू नका. खिडकीतून काय दिसतं? गुलमोहर, शेजारच्या बिल्डिंगची वाळत घातलेली कपड्यांची दोरी, पावसातले सिग्नल. वस्तू सोडा, रंग पकडा.
* क्लास लावा. वीकेंडचा चालेल. बाईंनाही तोच परवडला होता.

साठीनंतर वेळ मिळेल, हे खरंच. पण तेव्हा बोटं कशी असतील, हे कुणी सांगावं? माळ्यावरची ती रंगपेटी या शनिवारी खाली काढा. रंग वाळले असतील तर नवे आणा, एका पिझ्झाच्या पैशात येतात!