दुखण्याची आणेवारी

“आजी, दुखणं दहापैकी किती?” डॉक्टरांनी विचारलं.

सानगडीहून साकोली, साकोलीहून नागपूर असा एस.टी.चा प्रवास करून आलेली आई जरा गोंधळली. मग म्हणाली, “दहा त बाळंतपणाचं असते जी. हे तीनेक असन.”

डॉक्टरांनी ‘तीन’ लिहिलं, गोळ्या दिल्या. आम्ही उठलो. दाराशी आईच्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि ती तशीच पुढे गेली. तिला कळलंच नाही! “दोन महिने झाले, असंच होते,” ती हसत म्हणाली. डॉक्टरांनी आम्हाला परत बसवलं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. कमरेतून निघालेली कळ पार पोटरीपर्यंत जाते. अंगठ्याला मुंग्या येतात. रात्री ती भिंतीला टेकून, बसूनच झोपते. आणि एवढं असून रोवणीला आठ दिवस बांधीत वाकून पऱ्हे लावले! मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. कळ थांबली, पाऊल मात्र अजून पुरतं उचलत नाही. नसेला फार दिवस दाब सोसावा लागला, असं डॉक्टर म्हणाले.

ते ऐकताना मान खाली गेली ती माझी. आई फोनवर “कंबर धरली” म्हणायची आणि मी “मलम लाव गं” म्हणून मोकळी व्हायची. मुंग्या येतात का, झोप लागते का, हे मी कधी विचारलंच नाही.

धानाच्या मुलखात पिकाची आणेवारी काढतात. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. पूर्वी पैसेवारी पन्नासच्या आत आली, तरच टंचाईचा विचार व्हायचा. आपण बायका दुखण्याचा हिशेबही असाच करतो. चूल पेटतेय ना, धुणं होतंय ना, मग कसला आलाय दुष्काळ?

नुसत्या आकड्याने भागत नाही, हे जाणकारांनाही ठाऊक आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 मध्ये वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे तब्बल 78 शब्द होते. मैत्रिणींनो, आपल्याकडे काय शब्द कमी आहेत? ठणका, कळ, चमक, उसण, ठसठस, आग, वांब, मुंग्या... प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मुंग्या, आग, बधिरपणा म्हटलं की डॉक्टरांचं लक्ष नसेकडे जातं. ‘जरासं दुखतं’ म्हटलं तर त्यांनी काय ओळखावं?

म्हणून आकडा सांगाच, पण त्यासोबत कुठे दुखतं, कधीपासून, आणि दुखण्यामुळे कोणतं काम अडतं, हेही सांगा. कंबरदुखीबरोबर बसायची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस दुखतंय म्हणाला, तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा, असं त्यासोबत नोंदवलं. पण त्यासाठी आधी आपण म्हणायला तर हवं!

परवा तपासणीला गेलो. “आजी, आज किती?”

“चार,” आई म्हणाली. डॉक्टर लिहू लागले, तशी तिने हात वर केला. “थांबा जी. चुलीपाशी बसलं त धरल्याशिवाय उठता येत नाही. हेही लिहून घ्या.”