मसल कारच्या लघुप्रतिकृतीला कोणता रंग द्यावा? नोंद, प्रकाश आणि नजर यांचा मेळ कसा घालतात

मुंबई : प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून मोटारीची लघुप्रतिकृती घडवणाऱ्या हौशी कारागिरांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न जोडणीचा नसून रंगाचा असतो. भाग चुकीचा चिकटला तर तो बहुधा सोडवता येतो. रंग मनासारखा उतरला नाही, तर तो रसायनात भिजवून काढावा लागतो आणि त्यात बारीक उठाव, चिन्हे व कडा यांचे नुकसान होण्याची भीती असते. अनेक जुने संच पुन्हा सहज मिळत नाहीत. त्यामुळे रंगाची डबी उघडण्यापूर्वीचा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकी मसल कारच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण या गाड्यांची ओळख इंजिनाइतकीच त्यांच्या रंगांशी जोडलेली आहे. हा रंग नेमका ठरवायचा कसा आणि मूळ गाडीचाच रंग लावूनही प्रतिकृती ‘चुकीची’ का दिसते, याचा हा आढावा.

रंगांचा सुवर्णकाळ

मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचे शक्तिशाली इंजिन बसवण्याच्या कल्पनेतून मसल कार जन्माला आली. १९६४ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही या प्रकाराची आरंभबिंदू मानली जाते. १९७०च्या आसपास ही स्पर्धा शिगेला पोहोचली. त्यानंतर विम्याचे वाढते हप्ते, धुरावरील नवे कायदे आणि १९७३चे तेलसंकट यांनी तिचा जोर ओसरला.

ग्राहक तरुण होता आणि त्याचे लक्ष दुरूनच वेधायचे होते. क्रायस्लर कंपनीने यासाठी ‘हाय इम्पॅक्ट’ या नावाने भडक रंगांची मालिका आणली. जांभळा, पोपटी, केशरी, लिंबासारखा पिवळा आणि १९७०च्या वसंतात तर आपल्याकडच्या राणी रंगाच्या जवळ जाणारा गुलाबीही तिच्यात होता. फोर्डकडे ‘ग्रॅबर ब्लू’ होता, तर शेव्हरोलेच्या १९६९च्या कमारोवर ‘हगर ऑरेंज’ झळकला.

भारतातील रस्त्यांवर या गाड्या अधिकृतपणे कधी आल्याच नाहीत. फोर्डची मस्टँग भारतात विक्रीस आली ती २०१६ मध्ये. तोपर्यंत येथील बहुतेकांनी हे रंग पाहिले ते चित्रपटांत, छायाचित्रांत आणि खेळण्यांत. म्हणजेच येथील हौशी कारागिराला आठवणीतला रंग आणि प्रत्यक्ष रंग यांतील अंतर स्वतःच मोजावे लागते.

नाव नव्हे, संकेतांक पाहावा

पहिली चूक होते ती रंगाच्या नावावर विसंबल्याने. क्रायस्लर कंपनी एकच रंग डॉज आणि प्लिमथ या आपल्या दोन ब्रँडना वेगवेगळ्या नावांनी विकत असे. डॉजचा ‘प्लम क्रेझी’ प्लिमथच्या दालनात ‘इन-व्हायोलेट’ होई. डॉजचा ‘हेमी ऑरेंज’ तिकडे ‘टॉर-रेड’ म्हणून ओळखला जाई, म्हणजे एकीकडे केशरी म्हटलेला रंग दुसरीकडे लाल ठरे. डॉजचा ‘सबलाइम’ हाच प्लिमथचा ‘लाइमलाइट’ आणि ‘पँथर पिंक’ हाच ‘मूलाँ रूज’.

नावे मुद्दाम गमतीची ठेवलेली असत. ‘प्लम’ म्हणजे आलुबुखार. पण इंग्रजीत तशाच उच्चाराचा ‘प्लंब क्रेझी’ हा शब्दप्रयोग ‘ठार वेडा’ या अर्थाने वापरतात. विक्रीसाठी हे चातुर्य कामाचे होते. रंग जुळवणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही. ‘गो मँगो’ वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हापूसचा गर उभा राहतो. प्रत्यक्ष रंग त्याहून बराच लालसर केशरी आहे.

खात्रीची ओळख असते ती संकेतांकाची. १९७०च्या डॉज चॅलेंजरच्या बॉनेटखाली स्क्रूने बसवलेली एक लहान धातूची पट्टी असते. कारखान्यातून गाडी कोणत्या रंगात बाहेर पडली, हे तिच्यावर कोरलेले असते. ‘एफसी७’ म्हणजे प्लम क्रेझी, ‘ईव्ही२’ म्हणजे हेमी ऑरेंज, ‘एफजे५’ म्हणजे सबलाइम. मधले अक्षर रंगाचे कुळ सांगते आणि शेवटचा अंक छटेचा गडदपणा. प्रतिकृतीसाठी रंग विकणारे काही उत्पादक याच संकेतांकांनुसार तयार डब्या देतात, त्यामुळे खरेदी करताना नावाऐवजी संकेतांक आणि वर्ष तपासणे श्रेयस्कर.

वर्ष तपासण्याचे कारण असे, की जुनी नावे कंपन्यांनी पुन्हा वापरली आहेत. २०१०च्या चॅलेंजरवर ‘प्लम क्रेझी’ पुन्हा आला, पण तो मोत्यासारखी झाक असलेला आधुनिक रंग होता. फोर्डने ‘बुलिट’ नावाने मस्टँगच्या विशेष आवृत्त्या काढल्या, तेव्हा १९६८च्या ‘हायलँड ग्रीन’ऐवजी ‘डार्क हायलँड ग्रीन’ हे नाव पुढे आले. नव्या गाडीचा रंग जुन्या गाडीच्या प्रतिकृतीवर लावला, तर जाणकाराला ते लगेच खटकते.

पुरावा कोणता मानावा?

संकेतांक मिळाला तरी तो रंग दिसत कसा होता, हा प्रश्न उरतोच. जुनी छायाचित्रे पुरावा म्हणून कमकुवत असतात. फिल्ममधील रंगद्रव्ये काळाच्या ओघात फिकी पडतात किंवा एका बाजूला झुकतात. पडद्यावर पाहताना त्यात संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्याचा स्वतःचा फरक मिसळतो. प्रदर्शनांत चकाकणारी नूतनीकरण केलेली गाडीही निर्विवाद साक्षीदार नसते, कारण तिच्यावरील रंग आजच्या रसायनांनी बनवलेला असतो.

अधिक भरवशाची साधने दोन. पहिले म्हणजे त्या काळी रंग उत्पादकांनी दुरुस्ती कार्यशाळांसाठी दरवर्षी काढलेली नमुनापत्रके. त्यांवर प्रत्यक्ष रंगाचे तुकडे चिकटवलेले असत आणि ती बहुधा प्रकाशापासून दूर राहिली. दुसरे म्हणजे नूतनीकरण न झालेल्या गाडीचे झाकलेले कोपरे : डिकीच्या आतला पत्रा, रबरी पट्टीखालची कड. ऊन न लागलेल्या या जागी मूळ छटा अधिक टिकून राहते.

‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग या संदर्भात बोलके उदाहरण आहे. अनेक दशके नजरेआड राहिलेली ही गाडी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन प्रदर्शनात पुन्हा लोकांसमोर आली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला शुल्कासह ३७.४ लाख डॉलर मिळाले. मालकांनी ती नव्याने रंगवली नव्हती. झिजलेल्या, ओरखड्यांच्या अवस्थेतच ती विकली गेली. तिची प्रतिकृती करणाऱ्याने रंगासोबत काळही निवडावा लागतो. १९६८मधली पडद्यावरची गाडी आणि २०२०मधली लिलावातली गाडी एकच असली, तरी त्यांचे रंगकाम एकच नाही.

बरोबर रंग चुकीचा का दिसतो?

नमुन्याशी तंतोतंत जुळणारा रंग लावूनही प्रतिकृती अनेकदा मूळ गाडीपेक्षा काळपट दिसते. विमानांच्या प्रतिकृती करणारे याचे कारण हवेतील धूसरपणात शोधतात : दूरची वस्तू फिकट दिसते, म्हणून लहान प्रतिकृतीच्या रंगात थोडा पांढरा मिसळावा, असा त्यांचा संकेत आहे. मोटारींना तो जसाच्या तसा लागू पडत नाही. १:२५ प्रमाणातील गाडी ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरी गाडी साडेसात मीटरवरून पाहणे. एवढ्या अंतरावर हवेमुळे रंगात जाणवेल असा फरक पडत नाही.

खरे कारण प्रकाशात आहे. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो; घरातील दिवाणखान्यात तो काहीशे लक्सच्या घरात येतो. उघड्या आकाशाखालची गाडी चहूबाजूंनी उजळते, कपाटातल्या प्रतिकृतीवर मात्र एखाद्या दिव्याचा उजेड पडतो. हायलँड ग्रीनसारखा गडद हिरवा अशा उजेडात जवळजवळ काळा भासतो. याउलट सबलाइमसारखा भडक रंग कमी प्रकाशातही आपले अस्तित्व राखतो. शिवाय दिवा बदलला की छटा बदलते. दोन हिरवे उन्हात एकसारखे आणि एलईडीखाली वेगळे दिसू शकतात. म्हणून प्रतिकृती जेथे ठेवायची, तेथील दिव्याखालीच नमुना पाहून निर्णय घ्यावा, असे अनुभवी कारागीर मानतात.

धातूची चमक असलेल्या रंगांत आणखी एक अडचण येते. मोटारीच्या रंगातील ॲल्युमिनियमचा कण ४० मायक्रॉनचा धरला, तर १:२५ प्रमाणात तो खऱ्या गाडीवरच्या १ मिलिमीटर कणाएवढा होतो. परिणामी प्रतिकृती चकमकीची टिकली लावल्यासारखी दिसते. प्लम क्रेझी हा असाच धातुझाक असलेला रंग आहे. त्यासाठी खऱ्या मोटारीचा रंग आणण्यापेक्षा अतिसूक्ष्म कणांचा, प्रतिकृतींसाठीच बनवलेला रंग योग्य ठरतो. हाच हिशोब थराच्या जाडीलाही लागू होतो. प्रतिकृतीवर ०.१ मिलिमीटरचा थर बसला, तर तो प्रमाणात अडीच मिलिमीटरचा होतो आणि दरवाजांच्या रेषा बुजतात.

चकाकीचेही तसेच. १९७०च्या सुमारास डेट्रॉइटमधील गाड्यांवर आजच्यासारखा वेगळा पारदर्शक थर नसे. रंगाचा थरच चकाके. क्रायस्लर आणि फोर्ड यांच्या इनॅमलवर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणाही दिसे. आरशासारखी घोटलेली प्रतिकृती देखणी असते, परंतु ती कारखान्यातून निघालेल्या गाडीपेक्षा आजच्या प्रदर्शनातील गाडीचे चित्र अधिक असते.

अस्तर आणि हवामान

अंतिम रंगाइतकेच महत्त्व त्याखालच्या प्रायमरला आहे. पिवळा, केशरी आणि लाल हे रंग तुलनेने पारदर्शक असतात. राखाडी प्रायमरवर पिवळा मळकट होतो; पांढऱ्यावर तो खुलतो. लाल किंवा पिवळ्याखाली फिकट गुलाबी अस्तर दिल्यास रंगाला ऊब येते. संचाचे प्लॅस्टिकच लाल असेल, तर त्यातील रंगद्रव्य वरच्या पांढऱ्या थरात झिरपून तो गुलाबी होऊ शकतो. त्यासाठी आधी अडवणारा थर द्यावा लागतो.

हे सर्व आधी पडताळण्याचा स्वस्त उपाय म्हणजे प्लॅस्टिकचे चमचे. चमच्याचा फुगीर भाग बॉनेटच्या गोलाईसारखा प्रकाश परावर्तित करतो. तीन चमच्यांवर तीन वेगळ्या प्रायमरवर एकच रंग मारून, वाळल्यानंतर ते शेजारी शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत तफावत असल्याने घाई टाळावी.

मुंबई, कोकण आणि गोव्यासारख्या दमट भागात पावसाळा हा रंगकामाचा शत्रू आहे. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी धुरकट झाक येते. गडद रंगांवर ती विशेष उठून दिसते. त्यामुळे जांभळा किंवा काळा मारायचा असेल, तर कोरड्या दिवसाची वाट पाहणेच हिताचे. द्रावकांची वाफ आरोग्याला घातक असल्याने खेळती हवा आणि सेंद्रिय वाफ शोषणारा मुखवटा आवश्यक आहे. साधा कापडी मास्क त्यासाठी पुरेसा नाही.

अखेर गाडी कोणाची?

या साऱ्या तपासणीनंतरही निवड उरतेच. कारखान्यातील नोंदीशी इमान राखणारी प्रतिकृती करायची असेल, तर पट्टीवरचा संकेतांक, त्या वर्षाची नमुनापत्रके आणि त्या काळची चकाकी हे तिन्ही पाळावे लागतात. चित्रपटातील गाडी करायची असेल, तर पडद्यावरचा रंग प्रमाण मानावा लागतो. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या १९७९ साली सुरू झालेल्या अमेरिकी मालिकेतील केशरी डॉज चार्जरसाठी चित्रीकरणात शेकडो गाड्या वापरल्या गेल्या. अशा वेळी एकच ‘खरा’ केशरी शोधण्याचा हट्ट फारसा टिकत नाही.

तिसरा मार्ग स्वतःच्या पसंतीचा. कारखान्याने कधीच न दिलेला मोरपंखी किंवा अबोली रंग चॅलेंजरला देण्यास कोणाची हरकत असू शकत नाही. त्या काळातही ग्राहक आपल्या गाड्या मनाजोग्या रंगवून घेत असत.

मात्र तीन मार्गांपैकी आपण कोणता घेतला, हे प्रतिकृतीखालच्या पाटीवर किंवा निदान स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते. रंगाचा संकेतांक, वर्ष, प्रायमर आणि दिवाणखान्यातील उजेडासाठी मिसळलेला पांढरा यांची दोन ओळींची नोंद पुरे. या गाड्या प्रत्यक्ष पाहिलेली पिढी वृद्ध होत आहे आणि मूळ रंगातल्या गाड्या विरळ होत आहेत. पुढे कोणी त्या कपाटातील जांभळ्या चॅलेंजरकडे पाहून तिचा रंग खरोखर असाच होता का, असे विचारील, तेव्हा त्याला वहीतल्या दोन ओळींत उत्तर मिळेल.