माहितीसंचासाठी स्क्रिप्टिंग भाषेची निवड

पतसंस्थेची खतावणी, ग्रंथालयातील सभासदांची नोंद, शाळेचे दाखला-पुस्तक अशी अनेक कामे आता संगणकावर होतात. या नोंदी ज्यात साठवल्या जातात त्यास माहितीसंच, म्हणजेच डेटाबेस, असे म्हणतात. कारकुनाने पडद्यावर भरलेली माहिती माहितीसंचात नेणे आणि हवी तेव्हा ती तेथून काढून देणे हे काम आज्ञावली करते. ती लिहिण्यासाठी पर्ल, पीएचपी, पायथन, रुबी यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषा सर्रास वापरल्या जातात. त्यांपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न संस्थाचालकांसमोर वारंवार येतो.

सोय कोणती, मर्यादा कोणती

स्क्रिप्टिंग भाषेतील मजकूर बदलला की तो लगेच चालवून पाहता येतो. यंत्रभाषेत रूपांतर करण्याचा वेगळा टप्पा सामान्यतः घ्यावा लागत नाही. पर्ल ही भाषा १९८७ मध्ये, पायथन १९९१ मध्ये, तर पीएचपी व रुबी १९९५ मध्ये लोकांसमोर आल्या. यंत्रभाषेत आधीच रूपांतरित केलेल्या आज्ञावलीच्या तुलनेत या भाषांचा वेग कमी असतो, हे खरे. तथापि शोधण्याचे व जुळवण्याचे जड काम मुख्यत्वे माहितीसंचच करतो. त्यामुळे लहान व मध्यम संस्थेने केवळ वेगाच्या निकषावर भाषा निवडणे उचित ठरत नाही. आज्ञावल्या बदलतात, नोंदी मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळाव्या लागतात. म्हणून नोंदी कोणत्या भाषेत अधिक सुरक्षित राहतील, हाच निवडीचा खरा निकष होय.

पहिली कसोटी : प्रश्न आणि मूल्य वेगळे

माहितीसंचाशी बहुधा एसक्यूएल या भाषेत बोलावे लागते. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर या प्रश्नवाक्यात तसाच जोडला, तर अनर्थ ओढवू शकतो. वसई किंवा गोव्यातील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वरच्या बाजूस एक चिन्ह येते. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकुराचा शेवट दर्शविते. परिणामी एका साध्या आडनावाने प्रश्नवाक्य मोडते. कुहेतूने तसाच मजकूर भरणारा मनुष्य सर्व नोंदी वाचू अथवा पुसूही शकतो. यावर उपाय म्हणजे वाक्यात मूल्याची जागा मोकळी ठेवून मूल्य स्वतंत्रपणे पाठविणे. पर्लमधील डीबीआय, पीएचपीमधील पीडीओ आणि पायथनमधील माहितीसंच-जोडण्या यांत ही सोय आहे. आज्ञावलीकार ती वापरतो किंवा नाही, हे संस्थेने आवर्जून विचारावे.

दुसरी कसोटी : देवनागरी

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. ‘कृष्णा’ या नावात काना, ऋकार व हलन्त धरून ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट होतात. पायथनची तिसरी आवृत्ती लांबी विचारल्यास ६ सांगते. पीएचपीतील साधी मोजणी १८ सांगते व ६ हवे असल्यास वेगळे फलन वापरावे लागते. हा भेद ध्यानी न घेता नाव ठराविक बाइटांवर कापले, तर शेवटचे अक्षर विद्रूप होते. क्रमवारीचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘व’च्या आधी येतो, मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर येते. त्यामुळे क्रमांकानुसार लावलेल्या यादीत ‘काळे’ हे ‘कावळे’ यांच्या आधी बसतात. माहितीसंचास मराठी वर्णक्रम सांगता येतो का, हे आधीच तपासावे.

तिसरी कसोटी : पैशाचा हिशेब

या भाषांत अपूर्णांक बहुधा द्विमान पद्धतीने ठेवतात; त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज काटेकोरपणे ०.३ होत नाही. खतावणीस ही चूक परवडणारी नाही. पायथनमध्ये दशमान अपूर्णांकांची सोय मूळ भाषेसोबतच मिळते. अन्य भाषांत तशी जोड घ्यावी अथवा सर्व रकमा पैशांत, पूर्णांकाने ठेवाव्या.

चौथी कसोटी : सांभाळ

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. पीएचपीमधील मायएसक्यूएलची जुनी जोडणी २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून वगळण्यात आली. दोन्ही वेळी असंख्य आज्ञावल्या दुरुस्त कराव्या लागल्या. भाषा टिकली, तरी तिची आवृत्ती टिकतेच असे नाही. म्हणून आपल्या तालुक्यात त्या भाषेचे जाणकार आहेत का, मूळ मजकूर संस्थेच्या ताब्यात राहील का आणि नोंदी साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढता येतील का, हे करार करतानाच ठरवून घ्यावे.

सारांश, या सर्व भाषांत उत्तम काम होऊ शकते. नव्याने आरंभ करणाऱ्या संस्थेस देवनागरी व हिशेब यांच्या दृष्टीने पायथन सोयीची पडेल. जेथे पीएचपीचे अनुभवी जाणकार हाताशी आहेत, तेथे पीएचपी सोडण्याचे कारण नाही. निर्णय काहीही होवो. सभासदाचे नाव आणि त्याची ठेव वीस वर्षांनंतरही जशीच्या तशी वाचता आली पाहिजे.