शर्यत की मोजणी? : मागे पडलेल्या उमेदवाराच्या माघारीचा प्रश्न

अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्ष अध्यक्षपदाचा आपापला उमेदवार ठरविण्यासाठी राज्याराज्यांतून प्राथमिक निवडणुका घेतात. या निवडणुका एकाच दिवशी होत नाहीत. वर्षारंभी सुरू होऊन त्या जूनपर्यंत चालतात. त्यामुळे मध्येच केव्हा तरी एक उमेदवार पुढे व दुसरा मागे असे चित्र दिसू लागते, आणि मागे पडलेल्याने माघार घ्यावी किंवा नाही, असा वाद उत्पन्न होतो. हा वाद राजकीय आहे, हे उघडच आहे. परंतु त्यातील बराचसा गोंधळ भाषेने निर्माण केलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

इंग्रजीत या स्पर्धेला शर्यत म्हणण्याचा प्रघात आहे. रूपक जितके अंगवळणी पडलेले, तितकी त्यातील गृहीते नजरेआड होतात. शर्यतीत अंतर धावणाराच्या पायांवर अवलंबून असते. प्रेक्षकांनी ते ठरवावयाचे नसते. म्हणून हरणाऱ्याने धावत राहणे म्हणजे केवळ हट्ट, असे सहज वाटते. प्राथमिक निवडणुकीत मात्र अंतर ठरवितात ते मतदार, आणि त्यांपैकी पुष्कळांची पाळी अद्याप यावयाची असते.

वस्तुतः ही शर्यत नसून मोजणी आहे, आणि मोजावयाचे असतात ते पक्षाच्या अधिवेशनास जाणारे प्रतिनिधी. डेमोक्रॅटिक पक्षात किमान पंधरा टक्के मते मिळविणाऱ्या उमेदवारांत ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. रिपब्लिकन पक्षात काही राज्यांतील सर्व प्रतिनिधी एकट्या विजेत्याकडे जातात. प्रमाणशीर वाटणीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढच्या उमेदवाराकडे शंभर प्रतिनिधी अधिक आहेत व पाचशे निवडावयाचे आहेत, असे समजू. बरोबरी साधण्यास मागच्याला त्यांतील तीनशे, म्हणजे साठ टक्के, हवेत. पुढील दोनशे दोघांत समसमान वाटले गेले, तर उरलेल्या तीनशेंपैकी दोनशे, म्हणजे सुमारे सदुसष्ट टक्के, मिळवावे लागतील. म्हणजे या पद्धतीत केवळ बरोबरीचे यश मिळवीत गेल्यानेही मागचा अधिकाधिक मागे पडतो. मात्र याच पद्धतीमुळे पुढच्यालाही बहुमत लवकर गाठता येत नाही. मागच्याची आशा संपत आली आहे, पण पुढच्याचा विजय सिद्ध झालेला नाही, असा जो मधला काळ उरतो, त्याच काळात आपला प्रश्न उद्भवतो.

२००८ साली हिलरी क्लिंटन व बराक ओबामा यांच्या लढतीत हा काळ फार लांबला. ४ मार्च रोजी टेक्ससमधील मतदानात क्लिंटन पुढे होत्या; तथापि त्याच राज्यात पक्षसभांतून निवडले गेलेले प्रतिनिधी जमेस धरता एकूण अधिक प्रतिनिधी ओबामांच्याच वाट्याला आले. माघारीची मागणी होऊ लागली, पण क्लिंटन थांबल्या नाहीत. ३ जून रोजी मतदान संपले, ओबामांनी आवश्यक संख्या ओलांडली आणि ७ जून रोजी क्लिंटन यांनी त्यांना पाठिंबा दिला. या लांबलेल्या लढतीमुळे पक्ष दुबळा होईल, हे भाकीत खरे ठरले नाही. मे महिन्यात जेथे चुरशीचा प्रचार झाला, त्या इंडियाना व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी नोव्हेंबरात ओबामांना कौल दिला. इंडियानात १९६४ नंतर व नॉर्थ कॅरोलायनात १९७६ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाला प्रथमच हे यश लाभले. केवळ लांबलेल्या लढतीमुळेच हे घडले, असे म्हणता येणार नाही; परंतु तिने हानी झालीच, असे तर मुळीच म्हणता येणार नाही.

याउलट १९७६ व १९८० या वर्षांचे दाखले दिले जातात. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन यांचा न्यू हॅम्पशायर, फ्लॉरिडा व इलिनॉय येथे पराभव झाला होता; तरी ते टिकून राहिले आणि मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायनात विजयी झाले. अखेर कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना ११८७ व रेगन यांना १०७० मते पडली. १९८० मध्ये एडवर्ड केनेडी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याविरुद्ध थेट ऑगस्टातील अधिवेशनापर्यंत लढत राहिले. फोर्ड व कार्टर दोघेही नोव्हेंबरात हरले. तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या हट्टाने पक्ष बुडाला, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु येथे कार्यकारणाची उलटापालट होण्याचा संभव आहे. पदावरील अध्यक्षाला स्वपक्षातूनच प्रबळ आव्हान मिळते, ते बहुधा तो आधीच दुर्बळ झालेला असतो म्हणून.

या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा भेदही आहे. १९७६ मध्ये प्राथमिक निवडणुका संपल्या, तेव्हा कोणाच्याच हाती निश्चित बहुमत नव्हते; अधिवेशनापर्यंत जाणे रेगन यांना क्रमप्राप्तच होते. १९८० मध्ये मोजणी पूर्ण होऊन कार्टर यांना बहुमत लाभले होते. केनेडी यांच्या पक्षाने मागणी केली ती प्रतिनिधींना मतदारांच्या कौलाने बांधणारा नियमच बदलण्याची. अधिवेशनाने ती फेटाळली व त्याच रात्री केनेडी स्पर्धेतून दूर झाले. मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबणे वेगळे आणि पूर्ण झालेली मोजणी मोडू पाहणे वेगळे. ‘शर्यत सोडली नाही’ हा एकच वाक्प्रयोग दोहोंना लावल्याने हा भेद पुसला जातो.

‘माघार’ हा शब्दही असाच तपासून घ्यावयास हवा. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये उमेदवारी मागे घेण्यास ठराविक मुदत असते; ती उलटल्यावर कायदेशीर माघार नाही. अमेरिकेत उमेदवार बहुधा आपली मोहीम ‘स्थगित’ केल्याचे जाहीर करतो, आणि पुष्कळदा पुढील राज्यांच्या मतपत्रिकांवर त्याचे नाव तसेच राहते. निकी हेली यांनी ६ मार्च २०२४ रोजी मोहीम स्थगित केली. तरीही २३ एप्रिल रोजी पेनसिल्व्हेनियातील रिपब्लिकन मतदारांपैकी सुमारे सहांतील एकाने त्यांनाच मत दिले. उमेदवार निघून गेला, तरी मतदाराचे म्हणणे शिल्लक राहते, हे यावरून दिसून येते.

तात्पर्य, मागे पडलेल्याने केव्हा थांबावे, याचे उत्तर त्याच्या जिंकण्याच्या संभवावर सर्वस्वी अवलंबून नाही. पैसा संपला, किंवा प्रतिस्पर्ध्यावरील टीका उद्या विरोधी पक्षाच्या उपयोगी पडेल असे वाटले, तर त्याने खुशाल थांबावे. तो त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु ज्या राज्यांनी अद्याप मत दिलेले नाही, तेथील मतदारांना निवड करण्याची संधी उरावी, यासाठी तो थांबला नाही, तर त्याला दोष देता येत नाही. दोषास तो पात्र होतो, तो सर्वांची मते मोजून झाल्यावरही ती मान्य न करील तेव्हा.