चार नोंदींचा तक्ता

आयबीएमचा पीसी-एक्सटी १९८३ साली आला तो १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन. सोबतच्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्याच सेक्टरात पार्टिशनचा तक्ता ठेवला. सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले ६४ बाइट तक्त्याला, नोंदी चार. डॉसशेजारी सीपी/एम-८६सारखी दुसरी सिस्टिमही नांदावी म्हणून ही सोय होती. १० एमबीच्या मानाने चार पुष्कळच. पुढे चार पुरेनात, तेव्हा १९८७च्या डॉस ३.३ मध्ये एका नोंदीच्या पोटात ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन घालून वेळ मारून नेली. ही ठिगळबाजी पंचवीस वर्षं टिकली, हे नवलच.

नव्वदच्या दशकात लिनक्सची सीडी हाती आलेल्यांना ती विंडोजशेजारी बसवताना खरा घाम फुटला. आधी विंडोज डीफ्रॅगमेंट करायची, मग ‘फिप्स’ने तिचं पार्टिशन कापायचं, तेही बॅकअपशिवाय बहुधा, कारण बॅकअप घ्यायला दुसरी डिस्क होती कुणाकडे! जुन्या बायोसला १०२४व्या सिलिंडरपलीकडचं वाचता येत नसे, म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच छोटंसं बूट पार्टिशन करायचं. ‘लिलो’ या बूटलोडरला कर्नल डिस्कवर नेमका कुठे आहे एवढंच ठाऊक असे. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचं राहिलं, की मशीन ढिम्म. पुढे आलेलं ‘ग्रब’ स्वतःच फाइल सिस्टिम वाचू लागलं, आणि ही कटकट गेली.

तरी तंटा जागेचा कमी, दाराचाच जास्त. विंडोज पुन्हा टाकली की ती पहिल्या सेक्टरातला बूट कोड आपल्या नावावर करून घेई. लिनक्स जागच्या जागी शाबूत, पण आत जायची वाट बंद. म्हणून ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम नवख्यालाही पाठ.

२०१२ला विंडोज ८ बरोबर नव्या मशीनवर बायोसच्या जागी यूईएफआय आणि जुन्या तक्त्याच्या जागी जीपीटी सर्रास झाले. नोंदी १२८, प्रत्येक सिस्टिमच्या लोडरला वेगळा फोल्डर. पार्टिशन करणं सोपं झालं, आणि तोवर गरजही आटत चालली होती. बहुतेकांचं काम व्हर्च्युअल मशीनवर भागू लागलं, २०१६पासून तर विंडोजच्या आतच लिनक्सच्या आज्ञा चालू लागल्या.

दाराचा तंटा मात्र मान्यता नसलेला बूटलोडर अडवणाऱ्या सिक्युअर बूटकडे सरकला. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुन्या बूटलोडरांना मनाई करणारा नियम फर्मवेअरच्या मेमरीत लिहिला आणि कित्येक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स उघडेना. सिक्युअर बूट बंद करून तो नियम पुसावा लागला. पार्टिशनच्या तक्त्यात या वेळी काहीच बिघडलेलं नव्हतं.